मामलेदाराच्या डोक्यावर

बाळंतपणानंतर बाईने काय काय करायचं नसतं, हे माझ्या सासूबाईंना तोंडपाठ होतं. गार पाणी प्यायचं नाही, डोकं उघडं ठेवायचं नाही, वाकून केर काढायचा नाही, वांगं खायचं नाही. त्यात ‘दगडावर चढायचं नाही’ असं कुठेच नव्हतं, म्हणून मी चढायचं ठरवलं.

लग्नाआधीपासून मला दगडांचा नाद आहे. डोंगरांचा नाही, दगडांचा. (फरक आहे. डोंगराला दिवस जातो, दोर लागतो. दगड म्हणजे दोन पुरुष उंचीचा सुटा धोंडा. तो नुसत्या बोटांनी धरून चढायचा, पडायचं, पुन्हा चढायचं. इंग्रजीत याला बोल्डरिंग म्हणतात, आमच्या घरी रिकामपण म्हणतात.) दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. आम्ही पाच-सहा जण होतो. कोणी सातपूरच्या कारखान्यात, कोणी बँकेत, मी एका शाळेत गणिताची बाई. थंडी पडली की दर रविवारी आम्ही अंजनेरीच्या पायथ्याशी.

तिथे एक दगड होता, त्याला आम्ही ‘मामलेदार’ म्हणायचो. पोट पुढे काढून बसलेला आणि कोणाचंही काम पहिल्या फेरीत न करणारा. खाली पकड बरी होती, पण पोटाशी आलं की धरायला काही नाही. तिथून आम्ही सगळे आळीपाळीने खाली यायचो. वर्षानुवर्षं आलो. वर कोणीच पोचलं नव्हतं. दिलीप आमच्यातला सगळ्यात जुना. पोट कसं पार करायचं यावर तो जमिनीवर उभा राहून तासभर बोलू शकायचा. (पडायचा तोही, पण पडताना बोलणं चालू असायचं.)

पडायला खाली काहीतरी हवं. परदेशात त्यासाठी खास गाद्या मिळतात म्हणे. आम्ही जुन्या नाशकातल्या एका पिंजाऱ्याकडून दुप्पट कापूस ठासून एक जाडजूड गादी करून घेतली होती.

“किती माणसं झोपणार?” त्याने विचारलं होतं.

“झोपणार कोणी नाही. पडणार.”

त्याने माझ्याकडे आणि मग सुहासकडे बघितलं, आणि तो कापूस तोलायला लागला. सुहास म्हणजे माझा नवरा. त्याला उंचीची भीती वाटते. स्टुलावर चढून बल्ब बदलायचं काम आमच्याकडे माझं.

पुढे मला दिवस गेले आणि गादी आमच्या हॉलमध्ये धूळ खात पडली. मग ठकू झाली. (शाळेच्या दाखल्यावर ती तन्वी आहे, पण ते नाव शाळेलाच माहीत.) एका दुपारी हात दुखले म्हणून मी तिला सहज त्या गादीवर ठेवलं आणि तिथेच फसले. सासूबाईंनी नातीसाठी सावरीच्या कापसाची मऊशार गादी शिवून घेतली होती. तिच्यावर ठेवलं की ठकू रडायची. पाळण्यात रडायची. खांद्यावर रडायची. पण आमच्या त्या मळक्या, टणक, कित्येकांच्या गुडघ्यांचं रक्त मुरलेल्या गादीवर टेकवली की हातपाय पसरून ढाराढूर.

“आईवर गेलीय,” सुहास म्हणाला.

जानेवारीअखेर आमचा ग्रुप हंपीला जाणार होता. तिथे म्हणे जिकडे बघावं तिकडे दगडच दगड. मला जायचं होतं. ठकूला घेऊन, सुहासला घेऊन, कसंही करून जायचंच होतं. पाच महिने तेल, शेक, धुरी, दूध आणि लंगोट एवढ्यातच मी बुडाले होते आणि मला माझीच आठवण यायला लागली होती.

अडचण अशी की अंगात दम उरला नव्हता, आणि अंगावर मात्र पुष्कळ काही आलं होतं. ते सगळं डिंकाच्या लाडवांचं. सकाळी एक, दुपारी एक आणि ‘रात्री पोरगी उठली तर असू दे’ म्हणून एक. मी पहाटे घाम गाळून जेवढं उतरवायचे, तेवढं सासूबाई नाश्त्याला तुपासकट परत बसवायच्या. ठकूला जुन्या लुगड्याने पोटाशी बांधून मी उठाबशा काढायला लागले, तर त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

“कुणी शिक्षा केली गं तुला?”

बोटांची ताकद यावी म्हणून मी स्वयंपाकघरातल्या माळ्याच्या कडेला लोंबकळायचे. जरा बाजूला, हॉलमधून ओढून आणलेल्या गादीवर ठकू. मी वर गेले की ती खिदळायची, खाली आले की भोकाड पसरायची. असा कडक मास्तर मला शाळेत असताना मिळाला नाही. तिला तेल लावून मी लगेच कडेला हात घातला की बोटं सुळकन सटकायची, आणि एकदा तर लिंबाच्या लोणच्याच्या बरणीसकट मी खाली आले.

त्यातच एक दिवस शेजारच्या जोशीकाकू विरजण मागायला थेट स्वयंपाकघरात आल्या. त्यांना दिसले ते फक्त अधांतरी लोंबकळणारे दोन पाय. (बाकीची मी माळ्यात होते. तोंडासमोर पापडाचा डबा होता.) काकूंनी अशी किंकाळी फोडली की वाटी खाली आणि मीही खाली. सासूबाई धावत आल्या.

“काय नाय हो, व्यायाम करते ती,” सासूबाई म्हणाल्या.

काकू “हो का, हो का” करत विरजण न घेताच गेल्या. संध्याकाळी त्यांनी मला जिन्यात गाठलं आणि आवाज खाली आणला. “मंजू, घरात काही त्रास आहे का गं? मला मोकळेपणाने सांग. आमच्या ह्यांच्या ओळखीचे वकील आहेत.”

मी नको नको म्हणेपर्यंत कॉलनीभर झालं की अमक्या बाई सुनेला सासुरवास करतात, पोर बिचारी लटकायला निघाली होती. सासूबाई सिन्नरकडच्या शेतकरी घरातल्या. त्यांनी उभ्या आयुष्यात कोणाचं उणं ऐकून घेतलं नव्हतं.

“मी तुपात हात घालून लाडू वळते, आणि मी सासुरवास करते?” त्या रात्री जेवताना म्हणाल्या. “कुठला तो तुमचा दगड? मला दाखवा. मी सोताच्या डोळ्यानं बघणार. धोक्याचं दिसलं तर ते हंपीफंपी बंद, चढणं बंद आणि ही गादी भंगारात.”

“आई म्हणते ते बरोबर आहे,” सुहास म्हणाला. मग मी त्याला आतल्या खोलीत नेलं. “तू म्हणतेस तेही बरोबर आहे,” तो म्हणाला.

तर रविवारी दिलीपच्या व्हॅनमध्ये गादी टपावर बांधून आम्ही त्र्यंबक रस्त्याला लागलो. ग्रुपमधले बाकीचे लग्नकार्यांत अडकले होते, ते एक बरं झालं. कारण सासूबाईंनी पाण्याचा बंब सोडून घरातलं बहुतेक सगळं बरोबर घेतलं होतं. दुपटी, शेगडी, गरम पाण्याचा थर्मास, ओव्याची पुरचुंडी, आणि लाडवांचा मोठा स्टीलचा डबा. ठकू पहाटेपासून झोपली नव्हती आणि ती गोष्ट सगळ्या रस्त्याला ऐकवत होती.

सासूबाईंनी मामलेदाराला खालून वरपर्यंत बघून घेतलं.

“ह्यावर?”

“हो.”

“पडलीस तर?”

“गादी आहे ना.”

“आणि गादीवर नाय पडलीस तर?”

“काकू, मी असतो ना खाली हात पसरून,” दिलीप मध्ये पडला.

सासूबाईंनी त्याचे हात बघितले आणि त्यांत एक लाडू ठेवला.

मी हाताला पांढरी पावडर चोळली आणि लागले चढायला. पोटापर्यंत पोचले आणि पडले. परत गेले, परत पडले. मी पडले की सासूबाई डोळे मिटायच्या, आणि उघडले की सुहासकडे बघायच्या, जसं काही मला त्यानेच ढकललं. मधल्या वेळात नवीनच गोंधळ सुरू झाला. मी खाली आले की सासूबाई चटकन ठकूला गादीवर ठेवायच्या, तिचे डोळे जड व्हायचे. मी चढायला निघाले की तिला उचलायला लागायचं, की भोकाड. गादी एक आणि गिऱ्हाइकं दोन.

“तिला झोपू दे की गं जरा,” सासूबाई म्हणाल्या. “दगड कुठं पळून चाललाय?”

“शेवटचं एकदा, आई. मग गादी तिची.”

हे शब्द मी बोलले. ते मला फार महागात पडले.

त्या वेळी काय झालं ते मला आजही धड सांगता येणार नाही. पोटाशी आले, उजवा हात आंधळेपणाने वर टाकला आणि बोटांना एक कड लागली. थेट आमच्या माळ्याची कड. तेवढीच जाड, तेवढीच गुळगुळीत, फक्त पापडाचा डबा नव्हता. एरवी मी तिथे सुटले असते. त्या दिवशी बोटं सुटली नाहीत. पाय फरफटत, कोपर खरचटत, हनुवटीने ढकलत मी वर गेले आणि एकदम पुढे चढायला दगडच उरला नाही.

मी मामलेदाराच्या डोक्यावर होते. आमच्यातलं पहिलं माणूस. पाच महिन्यांची बाळंतीण, पोटात सासूबाईंचे लाडू, आणि वर! मला रडू आलं. खरंच आलं. मी दोन्ही हात वर करून ओरडणार, तेवढ्यात खालून आवाज आला.

“शूऽऽऽ.”

मी वाकून बघितलं. बरोबर माझ्या खाली, दगडाला चिकटून गादी होती. गादीच्या मधोमध ठकू होती, मी वर पोचताच ठेवलेली. हातपाय चारी दिशांना, तोंड उघडं, गाढ झोपलेली. शेजारी सासूबाई ओठावर बोट ठेवून बसल्या होत्या.

“आई,” मी कुजबुजले, “तिला जरा बाजूला घ्या ना.”

“आत्ता कुठं डोळा लागलाय.”

“मला उतरायचंय.”

“मग उतर की. कोण अडवतंय?”

“गादीशिवाय कशी उतरू? पडले तर तिच्यावर पडेन.”

सासूबाईंनी विचार केला. “मग पडू नकोस,” त्या म्हणाल्या.

ज्यांच्या घरात तान्हं मूल आहे त्यांना वेगळं सांगायला नको. झोपलेल्या मुलाला हलवायचं नसतं. फोन वाजू द्यायचा नाही, मिक्सर लावायचा नाही, पाहुणा आला तर त्याला खुणेने परत पाठवायचं. त्यातून पहाटेपासून जागी असलेली ठकू. तिला उचलायची हिंमत सुहासमध्ये नव्हती, दिलीपमध्ये नव्हती, आणि खरं सांगते, माझ्यातही नव्हती. तिच्यासकट गादी ओढून बघावी म्हणून सुहासने टोकाला हात लावला, तर ठकूने नुसतं ‘ऊं’ केलं आणि तो लांब जाऊन उभा राहिला.

दोर आणला नव्हता. बोल्डरिंगला दोर लागत नाही, हाच तर त्याचा मोठेपणा. मागच्या बाजूला करवंदीची आणि घाणेरीची जाळी पार वरपर्यंत चढलेली होती, तिकडे बघण्यातही अर्थ नव्हता. दिलीपने खालून हातवाऱ्यांनी उतरण्याचं शास्त्र समजावायला सुरुवात केली. मला त्यातलं एवढंच कळलं की माझ्या जागी तो असता तर फार वेगळं काहीतरी केलं असतं.

थोड्या वेळाने एक माकड येऊन माझ्या शेजारी बसलं. दोघंही खाली बघत बसलो. हे इथे वर कुठून आलं, असा प्रश्न एखाद्या शहाण्या बाईला पडला असता. मला पडला नाही. मग ते उठलं, मागच्या जाळीत शिरलं, आणि बघते तर काय, खाली सासूबाईंच्या पाठीमागे हजर. त्याने लाडवांचा डबा उचलला आणि काखेत मारला.

सासूबाई वळल्या. ओरडणार होत्या, तोंड उघडलंही होतं. पण ठकू झोपलेली! आवाज तसाच गिळून त्यांनी पदर खोचला, पायातली चप्पल हातात घेतली आणि तोंडातून हूं की चूं न करता माकडामागे धावल्या. इतकी मुकाट्याने चाललेली मारामारी मी आयुष्यात बघितली नाही. माकडसुद्धा गोंधळून गुपचूप पळत होतं. दोघं जाळीमागे दिसेनाशी झाली.

आणि सुहासला शिंक आली. त्याच्या शिंकेने आमच्याकडे कुकरच्या शिट्ट्यांचा हिशेब चुकतो. ठकू दचकून उठली आणि तिने जो सूर लावला, तो अख्ख्या अंजनेरीत घुमला. तिला भूक लागली होती. सुहासने तिला उचललं, झुलवलं, चाव्यांचा जुडगा दाखवला. ती माझ्याकडे हात करून रडत होती. तिचं रडणं ऐकलं आणि मला पान्हा फुटला. टी-शर्ट भिजायला लागला. दूध वर, पोर खाली आणि मध्ये मामलेदार.

“येतेस का?” सुहासने वरच्या पट्टीत विचारलं.

“येतेय!”

आता गादी मोकळी होती. मी पोटावर आडवी झाले आणि पाय खाली सोडले. चढताना दगड दिसतो. उतरताना काहीच दिसत नाही. पाय पोटाखाली हवेत, हातात त्राण नाही.

“डावा पाय खाली,” दिलीप सांगत होता. “अजून. अजून थोडा. नाही, तो उजवा.”

बोटं सुटायला लागली तशी मी कशीबशी परत वर सरपटले. इथे मात्र मला भीती वाटली. थट्टा नाही, खरीच. माझी पोर भुकेली रडतेय आणि मी माझ्या हौसेपायी दगडावर बसलेय. सासूबाई परत आल्या की हेच बघणार. हंपी गेलं, दगड गेले, गादीसुद्धा गेली. आणि त्यांना काय म्हणून अडवणार होते मी? त्यांचंच बरोबर होतं. मी डोळे पुसत होते, तेवढ्यात मागच्या जाळीत खसफस झाली. मेलं माकड परत आलं.

“हाड!” मी न वळता ओरडले. “हाड, हाड! चल नीघ!”

“हाड कोणाला म्हणतेस गं?”

मी वळले. सासूबाई होत्या. केसांत वाळका पाला, एका हातात चप्पल, काखेत डबा. धापसुद्धा लागलेली नव्हती.

“आई, तुम्ही? वर कशा आलात?”

“चालत.”

“चालत?”

“मागनं शेळ्यांची वाट हाय की. माकड पळालं तशी मी पळाले. झाकण निघंना तसा डबा टाकला मेल्यानं.” त्यांनी झाकण उघडून लाडू शाबूत असल्याची खात्री केली. “तू अजून इथंच बसलीस होय? पोरगी रडतीय ना खाली. थांब, आणते तिला.”

मी पायातले घट्ट बूट काढेपर्यंत त्या ठकूला कडेवर घेऊन परत आल्यासुद्धा. त्यांच्यामागून सुहास आला. स्टुलावर न चढणारा माझा नवरा, डोक्यावर आमची ती जाडजूड गादी घेऊन! “खाली एकटी ठेवली असती तर माकडांनी नेली असती,” तो म्हणाला. सगळ्यात शेवटी दिलीप आला. तो काहीच बोलत नव्हता, आणि मी त्याला ओळखायला लागल्यापासून हे पहिल्यांदाच घडत होतं. इतकी वर्षं आमच्यापैकी एकालाही दगडाच्या मागे जाऊन बघावंसं वाटलं नव्हतं. वर पोचायचंच नसेल तर खाली यायची वाट कोण शोधतो?

सासूबाईंनी मला गादीवर बसवलं, आडोशाला आपला पदर धरला आणि मी ठकूला पाजायला घेतलं. ठकू लुचूलुचू प्यायला लागली आणि माझा जीव भांड्यात पडला. खाली भाताची खाचरं होती, समोर अंजनेरीचा कडा होता. सासूबाईंनी सगळ्यांना एकेक लाडू दिला. मी दोन खाल्ले.

“हवा छान हाय इथं,” त्या म्हणाल्या. मग हाताला लागलेला चुरा झटकत, “मंजे, हे एवढंच असतं होय गं? मी उगीच घोर लावून घेतला जिवाला. मला वाटलं काही जिवावरचं काम असंल. ह्याला कोण नाय म्हणंल? जा तू हंपीला. दर रविवारी जा.”

दिलीपला राहवलं नाही. “काकू, तसं नाही. मंजू पुढच्या बाजूने आली. ते भयंकर अवघड आहे, तिथून आजपर्यंत कोणी...”

मी त्याच्या पायावर पाय दिला. पुढची बाजू किती अवघड आहे हे सासूबाईंना पटलं असतं, तर हंपी तिथेच संपलं असतं. आणि नाही पटलं, तर माझी सगळी उमेद, घाम, ती लोणच्याची बरणी, सगळं शेळ्यांच्या वाटेवर जमा. मामलेदाराचं पोट पार करताना लागला नसेल एवढा जोर मला तोंड बंद ठेवायला लागला.

“हो आई,” मी म्हणाले. “एवढंच असतं.”

हंपीला आम्ही गेलो. सासूबाईही आल्या, कारण एवढ्या सोप्या कामाला पोरीला सांभाळायला परकं माणूस कशाला, असं त्यांचं म्हणणं पडलं. तिथे बंगळुरूची तरणीताठी मुलं चढायला आली होती. मी एका दगडाच्या माथ्यावर होते. खाली गादीवर ठकू पसरलेली आणि तिच्याशेजारी सासूबाई डबा उघडून बसलेल्या. एका मुलाने त्यांना कौतुकाने हिंदीत विचारलं, आजी, तुम्हीपण चढता का?

“हम क्या चढेगा, बाबा,” सासूबाई त्याच्या हातावर लाडू ठेवत म्हणाल्या. “हमारी बहू चढती है. चढती एकदम अच्छा. पर उसको उतरना नहीं आता, इसके वास्ते मैं साथ में आती.”

मी वरून सगळं ऐकत होते. खाली जाऊन त्या मुलाला खरं काय ते सांगायची फार इच्छा होती, पण मागची वाट अजून सापडत नव्हती.